हजार रेणूंचं पाणी: घनता, संपीड्यता आणि उष्मा काढताना

मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा पाणी दाबायला सगळ्यात कठीण झालेलं असतं. बहुतेक द्रव तापले की सैल पडतात आणि जास्त दबतात. पाण्याचं उलटं. शून्य अंशापासून तापवत नेलं तर साधारण ४६ अंशांपर्यंत ते कमी कमी दबत जातं, आणि मग कुठे चार द्रवांसारखं वागायला लागतं. त्याची घनता सर्वाधिक ४ अंशांना, विशिष्ट उष्मा सर्वांत कमी ३५ अंशांच्या आसपास आणि त्यातला ध्वनीचा वेग सर्वाधिक ७४ अंशांना. या चार तऱ्हांपैकी दोन तरी वऱ्हाडाच्या उन्हाळ्याच्या हद्दीत येतात.

संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या पाच जिल्ह्यांत रसायनशास्त्र किंवा भौतिकशास्त्रात एम.एस्सी.चा प्रकल्प किंवा पीएच.डी. करणाऱ्यांना पाण्याच्या या गुणधर्मांचं संगणकावर सिम्युलेशन करणं हा विषय दोन कारणांनी हाती घेण्यासारखा आहे. एक म्हणजे त्याला महागडं उपकरण लागत नाही. सॉफ्टवेअर फुकट आहे आणि बऱ्यापैकी संगणक आता प्रत्येक कॉलेजात आहे. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. द्रवांची घनता आणि त्यांतला ध्वनीचा वेग मोजायची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयासारख्या ठिकाणांहून अल्ट्रासॉनिक इंटरफेरोमीटरवर केलेल्या कामाचे शोधनिबंध वर्षानुवर्षं निघत आले आहेत. म्हणजे सिम्युलेशनचा आकडा ताडून बघायची सोय शेजारच्याच खोलीत आहे. या सोयीचा उपयोग फार कमी जण करतात. माझा सारा आग्रह त्यासाठीच आहे.

पाण्याचं पहिलं गंभीर सिम्युलेशन अनीसुर रहमान आणि फ्रँक स्टिलिंजर यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलं. रहमान हैदराबादचे, उस्मानिया विद्यापीठात शिकलेले. त्यांच्या सिम्युलेशनच्या काल्पनिक पेटीत पाण्याचे फक्त २१६ रेणू होते. आज तुमच्या टेबलावरच्या संगणकाला तेवढे रेणू म्हणजे काहीच नाहीत. पण त्यांना पडलेला प्रश्न अजूनही पहिलाच आहे: दोन रेणू एकमेकांना कसे ओढतात आणि ढकलतात, हे कोणत्या सूत्राने सांगायचं?

त्या सूत्राला आपण मॉडेल म्हणतो. बाजारात मॉडेलं डझनांनी आहेत, पण नवशिक्याने तीनच ओळखून ठेवावीत. टिप३पी हे १९८३ सालचं. प्रथिनांच्या सिम्युलेशनमध्ये सर्रास वापरलं जातं, म्हणून बरेच विद्यार्थी सवयीने तेच उचलतात. पाणी हाच विषय असेल तर ते घेऊ नका. त्यात घनतेचं शिखर ४ अंशांऐवजी शून्याखाली ९० अंशांच्या आसपास जातं आणि रेणू खऱ्या पाण्याच्या दुपटीहून वेगाने फिरतात. एसपीसी/ई हे १९८७ सालचं, तीन बिंदूंचं आणि हिशेबाला हलकं मॉडेल. २५ अंशांना घनता आणि संपीड्यता चांगली देतं, मात्र घनतेचं शिखर उणे ३२ अंशांजवळ ठेवतं. परिणामी त्याचा प्रसरणांक खऱ्याच्या जवळजवळ दुप्पट येतो. तिसरं टिप४पी/२००५. आबास्काल आणि वेगा या माद्रिदच्या दोघांनी ते २००५ मध्ये मांडलं. त्यात घनतेचं शिखर ५ अंशांना येतं, आणि संपीड्यतेचा तो तळही त्यात दिसतो. आपल्या कामाला हेच घ्यावं. त्याचाही एक कच्चा दुवा आहे: परावैद्युतांक खरा ७८.५, तर हे साधारण ६० च्या घरात देतं. कोणतंही मॉडेल सगळ्या गुणधर्मांत पास होत नाही. ते कुठे नापास होतं हे आधीच माहीत असलं, की पुढे आकडा चुकल्यावर संगणकाला दोष द्यायची वेळ येत नाही.

आता पेटी. हजार रेणू घ्या. ग्रोमॅक्स किंवा लॅम्प्स यांपैकी जे सॉफ्टवेअर मार्गदर्शकांना येतं ते चालेल. मी ग्रोमॅक्स धरून बोलतो. रेणू ताठ ठेवायचे, म्हणजे बंधांची लांबी आणि कोन बदलू द्यायचे नाहीत. मग २ फेम्टोसेकंदांची पायरी चालते. विद्युत आकर्षणासाठी पीएमई पद्धत आणि १ ते १.२ नॅनोमीटरचा छेद (कट-ऑफ) घ्या. छेदापलीकडच्या व्हॅन डर वाल्स आकर्षणाची दुरुस्ती ऊर्जा आणि दाब या दोन्हींना चालू ठेवा. ही एक ओळ राहून गेली, तर घनता कमी भरते आणि विद्यार्थी महिनाभर मॉडेलवर संशय घेत बसतो.

२५ अंश सेल्सिअस आणि १ बार दाब ठेवून पेटी चालवली, की तिचं सरासरी घनफळ ३० घन नॅनोमीटरच्या आसपास स्थिरावतं. हजार रेणूंचं वस्तुमान म्हणजे १८.०१५ गुणिले हजार, भागिले अ‍ॅव्होगाड्रो संख्या, ते २.९९१५ गुणिले दहाचा उणे विसावा घात इतके ग्रॅम येतं. त्याला ३० घन नॅनोमीटरने भागा, म्हणजे घनता ०.९९७ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. खऱ्या पाण्याची २५ अंशांना ०.९९७०५. हा हिशेब एकदा तरी कागदावर करा. सॉफ्टवेअर घनता आयती देतं, पण हाताने केलेल्या हिशेबातून पेटीच्या आकाराचा जो अंदाज बसतो तो पुढे फार कामाला येतो.

घनता ही सरासरीची गोष्ट आहे आणि सरासरी लवकर स्थिरावते. खरी परीक्षा पुढे आहे.

संपीड्यता, प्रसरणांक आणि विशिष्ट उष्मा हे तिन्ही सरासरीतून येत नाहीत, ते चढउतारांतून येतात. पेटीचं घनफळ क्षणाक्षणाला कमीजास्त होतं. हे किती होतं, यावरून पाणी किती दबतं ते कळतं. घनफळाच्या वर्गाच्या सरासरीतून सरासरीचा वर्ग वजा करा. जी राशी उरते तिला बोल्ट्झमन स्थिरांक, तापमान आणि सरासरी घनफळ यांच्या गुणाकाराने भागा. ही समतापी संपीड्यता. घनफळाच्या ऐवजी एन्थॅल्पीचा चढउतार घेतला, तर स्थिर दाबाचा विशिष्ट उष्मा मिळतो. घनफळ आणि एन्थॅल्पी एकमेकांच्या जोडीने किती हलतात हे बघितलं, तर प्रसरणांक. ग्रोमॅक्समध्ये एनर्जी या साधनाला चढउताराचा पर्याय दिला आणि रेणूंची संख्या सांगितली, की तिन्ही आकडे एका झटक्यात हाती येतात. विद्यार्थी नेमका इथेच फसतो, कारण झटक्यात आलेल्या आकड्यावर त्याचा विश्वास बसतो.

हा चढउतार किती असायला हवा, ते आधी उलट्या दिशेने काढून बघा. पाण्याची संपीड्यता २५ अंशांना ४.५२ गुणिले दहाचा उणे दहावा घात प्रति पास्कल आहे. हजार रेणूंच्या पेटीला तो आकडा लावला, तर घनफळाचं प्रमाण विचलन ०.२४ घन नॅनोमीटर निघतं, म्हणजे तिसापैकी पाऊण टक्क्याच्या जरा वर. घनतेत बोलायचं तर प्रत्येक क्षणी घनमीटरमागे आठेक किलोग्रॅम इकडेतिकडे. तुमच्या फाईलमध्ये विचलन ०.०५ दिसलं, तर पाणी दगडासारखं झालं असं समजू नका. तुमचा बॅरोस्टॅट, म्हणजे पेटीचा दाब राखणारी पद्धत, घनफळाला मोकळं हलू देत नाही.

बहुतेक वेळा हा उद्योग बेरेंडसेन बॅरोस्टॅटचा असतो. पेटीला पटकन ताळ्यावर आणायला तो उत्तम, म्हणून सुरुवातीच्या स्थिरावण्यासाठी वापरायला हरकत नाही. पण तो चढउतार दाबून टाकतो, आणि आपल्याला तर चढउतारच हवे आहेत. मोजणीच्या धावेला पारिनेल्लो-रहमान बॅरोस्टॅट लावा (हे रहमान तेच) किंवा ग्रोमॅक्सच्या नव्या आवृत्त्यांतला सी-रीस्केल. थर्मोस्टॅटचंही तसंच: बेरेंडसेनचा टाळा, व्ही-रीस्केल घ्या.

दाबाचा आकडा बघून घाबरू नका. १ बार मागितला आणि पडद्यावर उणे ४०० किंवा अधिक ३०० दिसलं, तर काही बिघडलेलं नाही. २१६ रेणूंच्या पेटीत क्षणिक दाब ५००-६०० बारनी हलणं नेहमीचं आहे. रेणू शंभरपट केले, तरी हा हेलकावा दहाच पटींनी कमी होतो. अकोल्याच्या बाजार समितीतला एका सकाळचा कापसाचा भाव बघून कोणी हंगामाचा हिशेब मांडत नाही, दाबाचंही तसंच.

धाव किती लांब हवी? चढउताराच्या अंदाजातली सापेक्ष चूक ही दोनला स्वतंत्र नमुन्यांच्या संख्येने भागून त्याचं वर्गमूळ काढलं, की मिळते. दोनशे स्वतंत्र नमुने असतील तर चूक दहा टक्के. एक टक्का हवा असेल तर वीस हजार नमुने लागतात. घनफळ आपली आधीची स्थिती विसरायला काही पिकोसेकंद घेतं. दर पाच पिकोसेकंदांना एक स्वतंत्र नमुना धरला, तर वीस हजार नमुन्यांना १०० नॅनोसेकंद हवेत. ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकाला हे एका दिवसाचं काम आहे. नुसत्या चार कोअरच्या प्रोसेसरवर मात्र काही दिवस जातील. दोन नॅनोसेकंदांच्या धावेवरून संपीड्यता तीन दशांश स्थळांपर्यंत छापलेले तक्ते मी पाहिले आहेत. त्यातला पहिला अंक तेवढा भरवशाचा असतो.

आता ४६ अंशांजवळच्या त्या तळाकडे या. संपीड्यता २५ अंशांना ४.५२ आणि ४५ अंशांना ४.४१, फरक अडीच टक्के. एक टक्का चुकीच्या धावेत एवढा फरक दिसेल. पण तळ नेमका कुठे, हे त्यातून कळणार नाही. कारण ४० आणि ५० अंशांच्या आकड्यांत हजारात दोनाइतकाही फरक नाही. दोन-तीन जवळजवळच्या तापमानांवर शंभर-शंभर नॅनोसेकंद जाळण्यापेक्षा शून्यापासून शंभर अंशांपर्यंत आठ-दहा तापमानं घ्या. शून्याला संपीड्यता ५.०९ आणि शंभराला ४.९० आहे, म्हणजे दोन्ही टोकांना वक्र चांगला उचललेला आहे. त्यातून बसवलेल्या वक्राचा तळ एकेका आकड्यापेक्षा कितीतरी विश्वासाने सांगता येतो. मॉडेलचा तळ खऱ्या पाण्यापेक्षा काही अंश सरकलेला निघाला, तर तो निकाल म्हणून लिहा, लपवू नका.

याच गुणधर्माला दुसरी वाट आहे आणि ती मी प्रत्येकाला चालायला लावीन. २५ अंशांनाच १, २५० आणि ५०० बार अशा तीन दाबांना तीन पेट्या चालवा, नुसती घनता घ्या आणि तिचा उतार काढा. ५०० बारला खऱ्या पाण्याची घनता घनमीटरमागे सुमारे २१ किलोग्रॅमने वाढते, आणि घनतेची सरासरी काही नॅनोसेकंदांत किलोग्रॅमच्या अंशापर्यंत पक्की होते. प्रसरणांकासाठी तसंच १५, २५ आणि ३५ अंश घ्या. चढउताराचा आकडा आणि उताराचा आकडा चुकीच्या मर्यादेत जुळले, तर तुमची धाव शुद्ध आहे. जुळले नाहीत, तर मार्गदर्शकांकडे जाण्याआधी बॅरोस्टॅट आणि धावेची लांबी तपासा.

आता शेजारच्या खोलीत जाऊ. इंटरफेरोमीटरच्या सेलमध्ये दुहेरी ऊर्ध्वपातित पाणी भरा, पाणी फिरवणाऱ्या बाथने तापमान २५ अंशांवर धरा आणि वारंवारता २ मेगाहर्ट्झ ठेवा. तळाच्या क्वार्ट्झ स्फटिकातून निघालेली लहर वरच्या परावर्तकावर आदळून परत येते. मायक्रोमीटर हळूहळू फिरवत गेलं, की मीटरचा काटा वर चढतो, पडतो, पुन्हा चढतो. दोन शिखरांतलं अंतर म्हणजे अर्धी तरंगलांबी, पाण्यासाठी ०.३७४ मिलिमीटर. एका शिखरावर थांबू नका. त्या शिखरापासून पुढची वीस शिखरं मोजा आणि एकूण अंतराला वीसने भागा. त्यातून वेग निघतो सेकंदाला १४९७ मीटर. घनता गुणिले वेगाचा वर्ग, आणि त्याचा व्यस्त: ४.४८ गुणिले दहाचा उणे दहावा घात.

सिम्युलेशनने ४.५२ च्या जवळचा आकडा दिला आणि प्रयोगाने ४.४८, तर दोन्ही बरोबर असू शकतात. प्रयोगातली संपीड्यता रुद्धोष्म आहे, कारण ध्वनीची लहर इतकी झटपट जाते की उष्णतेला इकडून तिकडे जायला वेळच मिळत नाही. सिम्युलेशनची समतापी आहे. दोहोंतला फरक म्हणजे तापमान गुणिले प्रसरणांकाचा वर्ग, भागिले घनता आणि विशिष्ट उष्मा यांचा गुणाकार. २५ अंशांना तो ०.०४७ येतो, ४.४७६ मध्ये मिळवा, ४.५२ झालं. ४५ अंशांना हाच फरक ०.१४ च्या घरात जातो, कारण तिथे प्रसरणांक वाढलेला असतो. एकाच्या संपीड्यतेशी दुसऱ्याची थेट तुलना करून मॉडेलला नावं ठेवण्याचा प्रकार सर्रास चालतो. मेमध्ये तर तो जास्तच महागात पडेल.

विशिष्ट उष्म्याला मात्र मन घट्ट करून जा. खऱ्या पाण्याचा मोलमागे ७५.३ जूल प्रति केल्विन आहे, आणि टिप४पी/२००५ मधून ८८ च्या आसपास येतो. धाव कितीही लांबवा, आकडा खाली येणार नाही, कारण ही चूक नमुन्यांची नाही. हलका हायड्रोजन आपल्या जागी जो डुलतो, त्या डुलण्याची पुंज-ऊर्जा खोलीच्या तापमानाला मिळणाऱ्या उष्णतेच्या ऊर्जेपेक्षा मोठी असते. खऱ्या पाण्यात ती हालचाल अर्धवट गोठलेली असते, अभिजात यांत्रिकीत ती पूर्ण मोकळी असते. बंध लवचीक केले तर आकडा सुधारायच्या ऐवजी आणखी पंचविसेक जूलने बिघडतो. रेणूंच्या वेगांतून कंपनांचा वर्णपट काढून पुंज-दुरुस्ती करता येते. तेवढा वेळ नसेल तर कच्चा आकडा द्या आणि कारण लिहा.

बाष्पीभवनाचा उष्मा सोपा आहे. द्रवातली मोलमागची स्थितिज ऊर्जा घ्या, तिचं चिन्ह उलटवा आणि २.४८ किलोजूल मिळवा. एसपीसी/ई मध्ये ऊर्जा उणे ४६.७ च्या आसपास, म्हणजे उष्मा ४९.२, खरा ४४.०. ही पाच किलोजूलची तफावत बघून काही जण धाव पुन्हा लावतात. लावू नका. द्रवात गेल्यावर रेणूचं द्विध्रुव आघूर्ण वाढतं आणि त्या वाढीची किंमत मॉडेलमध्ये धरलेली नसते. एसपीसी/ई साठी ती ५.२२ किलोजूल आहे. वजा केली की हिशेब जुळतो.

एन्ट्रॉपी सरासरीतून निघत नाही, चढउतारातूनही नाही. त्यासाठी लिन, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्रबल मैती आणि गोडार्ड यांनी २०१० मध्ये पाण्याला लावून दाखवलेली द्वि-प्रावस्था पद्धत वाचा. तिला धाव छोटी पुरते, फक्त रेणूंचे वेग दर काही फेम्टोसेकंदांना साठवावे लागतात. त्या फायली भराभर फुगतात, म्हणून डिस्कवर जागा आधी करून ठेवा. एम.एस्सी.च्या प्रकल्पात हे नको, पीएच.डी.त घ्या.

खारपाणपट्ट्यातल्या मुलांच्या मनात पुढचा प्रश्न येणारच: पूर्णेच्या खोऱ्यातल्या विहिरीचं पाणी का नाही घ्यायचं? घ्या, पण आधी रेणू मोजा. लिटरला तीन ग्रॅम मीठ धरलं, तर हजार रेणूंच्या पेटीत सोडियम आणि क्लोराइडची जेमतेम एक जोडी बसते. एका जोडीच्या आकडेवारीतून काही सिद्ध होत नाही. एक मोलल द्रावणात अठरा जोड्या असतात. तिथून वर दोन-तीन संहती घ्या आणि घनतेचा वक्र खाली शून्यापर्यंत आणा. टिप४पी/२००५ सोबत चालण्यासाठी २०१९ साली माद्रिदच्याच गटाने आयनांचं मॉडेल दिलं आहे. त्यात आयनांचा भार पूर्ण एक न धरता ०.८५ धरतात. दुसऱ्या कुठल्या मॉडेलचे आयन आणि या मॉडेलचं पाणी अशी खिचडी करू नका.

दोन गोष्टी आपल्याकडच्या. भारनियमन आणि उन्हाळा. ग्रोमॅक्स दर पंधरा मिनिटांनी चेकपॉइंट लिहितं. वीज गेली तर तिथून पुढे सुरू करा, पहिल्यापासून नको. आणि एप्रिल-मेमध्ये बंद प्रयोगशाळेत प्रोसेसर तापून स्वतःच मंदावतो. आकडे त्याने चुकत नाहीत, पण दिवस वाढतात. लांब धावा दिवाळीनंतर लावलेल्या बऱ्या.

प्रबंधात प्रत्येक आकड्यापुढे चूक लिहा. धावेचे पाच किंवा दहा सारखे तुकडे करा, प्रत्येकातून गुणधर्म वेगळा काढा आणि तुकड्यांतल्या फरकावरून चूक ठरवा. तक्त्यात तीन रकाने ठेवा: सिम्युलेशन, प्रसिद्ध मानक मूल्य आणि तुमच्या कॉलेजच्या इंटरफेरोमीटरचं रीडिंग. मॉडेलचं नाव, छेद, बॅरोस्टॅट, रेणूंची संख्या आणि धावेची लांबी तक्त्याखालीच द्या. इनपुट फायली विभागाच्या संगणकावर सगळ्यांना सापडतील अशा ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला शुद्ध पाण्यापासून पुन्हा सुरुवात करावी लागणार नाही, त्याला थेट मिठाकडे वळता येईल.